तांदळातली हवालदारीण

"लाल कपड्यात होती म्हणते. अन् हातात सुई."

हे मी ऐकलं तेव्हा तुझ्या घराच्या मागच्या पडवीत वांगी चिरत बसले होते. तुझ्या तेरवीचा स्वयंपाक चालला होता. माझ्या पाठीमागे चुलीपाशी दोघीजणी पुऱ्या लाटत होत्या. दुसरीने विचारलं, कुठी सापडली. पहिली म्हणाली, मशीनच्या ड्रावरमध्ये, तांदळात पुरून ठेवली होती. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "हात लावला तं छातीत उजेड लागला बाप्पा."

मी तिथे आहे हे दोघींच्या लक्षात आलं. मग चांद्याची पोरगी, म्हणजे शहरातली, इंग्लिशवाली, हिला काय कळते, असं ठरवून पुन्हा बोलू लागल्या. कोणीतरी घरावर करणी केली, पोरगी त्यानेच गेली, आणि कोणी केली तेही आता कळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दुपारी जेवणं झाली की असलं पाहून सांगणारा एक माणूस येणार होता. रामदासमामाने, म्हणजे तुझ्या मामाने, त्याला बोलावलं होतं.

रजनीताई, त्या घरात त्या वेळी फक्त मला माहीत होतं की तांदळात कोण होती. ती आपली हवालदारीण होती.

हे मी आपल्या चॅनलच्या पानावर टाकणार आहे. इथे खरं तर आपण पाहत होतो त्या जपानी कार्टून मालिकेच्या शेवटच्या भागाचं परीक्षण यायचं होतं. लोक विचारतायत. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातला तो मुलगा, जो रात्रपाळी करून येऊन तुला ऐकायचा, त्याने लिहिलंय, "ताई, लास्ट एपिसोड कुठी हाय?" त्याला अजून माहीत नाही. गावाचं नाव मी लिहीत नाहीये आणि एक नाव बदललं आहे. का ते पुढे कळेल.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. तू म्हणायचीस ना, पहिले गोष्ट सांग, मग शहाणपणा. तर जपानमधल्या एका लहान गावात कपडे धुऊन देण्याचं दुकान आहे. ते एकटी चालवणाऱ्या मुलीकडे बोटाएवढ्या यंत्रमुली राहतात. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे तुकडे जोडून केलेल्या, पण चालणाऱ्या-बोलणाऱ्या. प्रत्येकीजवळ हत्यार आहे. एकीच्या पाठीवर तिच्याहून लांब तोफ, एकीकडे तलवार, एकीच्या दोन्ही हातांना बंदुका. आणि पूर्ण मालिकेत त्या काय करतात, तर कपड्यांची हरवलेली बटणं शोधतात, साबणाच्या फेसात पडतात, इस्त्रीच्या उबेला बसून गप्पा मारतात. तोफवाली कपडे धुण्याच्या मशीनला घाबरते. फक्त प्रत्येक भागाच्या शेवटी त्या खिडकीच्या चौकटीवर रांगेत उभ्या राहतात, हत्यारं बाहेर रोखून. ज्याच्याशी लढायला त्यांना बनवलं तो कधीतरी येईल म्हणून. बाहेर नुसता रस्ता असतो. तेवढ्यात पडद्यावर शेवटची नावं सुरू होतात.

मी पहिल्या परीक्षणात लिहिलं होतं की लोक हिला गोड म्हणतात, पण ही भीतीची मालिका आहे. ज्या घरात रोज संध्याकाळी खिडकीवर बंदुका लागतात ते घर शांत नसतं. काहीच घडत नाही म्हणून प्रेक्षक निवांत होतो, आणि तिथेच फसतो. जो यायचा आहे तो येणार आहे.

मी लिहायचे आणि तू बोलायचीस, ही आपली वाटणी होती. माझा आवाज रेकॉर्ड होतो आहे म्हटलं की मी अडखळते. तू शिलाई मशीनवर बसल्या बसल्या माझं लिहिलेलं वाचायचीस, आणि वाचता वाचता तुमच्या झाडी बोलीत वळवायचीस. तुझ्यामागे मशीनचा आवाज, बाहेर शेळ्या. लोक त्यासाठीच ऐकायचे, माझ्या वाक्यांसाठी नाही. पण हे परीक्षण तू वाचलंच नाहीस. फोन बाजूला ठेवलास आणि भांडायला लागलीस.

तू म्हणालीस, "येत नाई तो. तेच तर सांगून राह्यले ते."

मी म्हटलं, मग त्या रोज खिडकीत का उभ्या राहतात?

"आपल्या बाया मोहफुलं वेचाले जाते तं हातात काठी असते का नाई? वाघ का रोज भेटते? काठी असली का गोठी करत जाता येते."

घरी येऊन खूप विचार केला. इंग्रजीत त्या मालिकेबद्दल मी बरंच वाचलं होतं आणि कोणीही हे म्हटलं नव्हतं. हत्यार मारायला नसतं, घाबरून गप्प बसायला लागू नये, बोलत जाता यावं म्हणून असतं. तरी मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

त्या यंत्रमुलींचे कपडे हा आपला दुसरा वाद. मी लिहिलं की त्यांना पुरुषांच्या नजरेसाठी एवढ्या तोकड्या कपड्यात ठेवलंय आणि परीक्षणात हे आलंच पाहिजे. तू चष्मा वर करून फोनवर चित्र मोठं केलंस आणि म्हणालीस, "पाय नं हे, कटिंगच चुकलं हाय. बगलेत असं कापड ठेवलं तं हात वर होईन का? मंग तलवार काय चालवीन?" तुझं तेवढं वाक्य सगळ्यात जास्त लोकांनी ऐकलं. सिंदेवाहीच्या एका शिंपीणबाईंनी खाली ब्लाऊजचं माप लिहून पाठवलं होतं.

आणि तसली एक यंत्रमुलगी मी तुला तुझ्या वाढदिवसाला आणून दिली. खोक्यात नुसते तुकडे होते. तू ते धागा तोडायच्या कैचीने सुटे केलेस आणि दिवाळीच्या शिवणकामाच्या गर्दीत, बायका डोक्याशी उभ्या असताना, जोडत बसलीस. छातीत एक लहानसा लाल दिवा होता, पाठीवर बटण दाबलं की लागणारा. तू तिला हवालदारीण म्हणायला लागलीस. गिऱ्हाइकं घाई करायला लागली की तिला मशीनवर उभी करायचीस आणि सांगायचीस, हिच्याशी बोला.

मग तिची तलवार झाडणीत गेली. तू मशीनची मोडकी सुई तिच्या हातात बसवलीस. केसांचा तुकडा मोडला, तर काळ्या रिळाच्या धाग्याची वेणी घातलीस. लाल साटिनच्या चिंधीची चोळी शिवलीस, बगलेत व्यवस्थित, हात पूर्ण वर होईल अशी. मला फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, आता लढ म्हणा.

होळीच्या आधी ती पाण्याच्या बादलीत पडली आणि दिवा बंद झाला. तू मला विचारलंस, काय करू. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवतात, हे मीच तुला सांगितलं.

सुई, काळी वेणी, लाल कापड, तांदूळ, बाईची मूर्ती. आता हे एकाखाली एक लिहिलं की करणीचीच यादी वाटते. हे जमवायला आपल्या दोघींना कित्येक महिने लागले आणि प्रत्येक वेळी आपण हसत होतो.

तू गेलीस ते सिकलसेलने, रक्ताच्या त्या जन्मजात आजाराने. सगळ्या गावाला माहीत होतं की तुला तो आहे. तूच सांगायचीस की ऊन लागलं की माझी हाडं बोलतात. यंदा चैत फार तापला. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, तो धूर गावावर बसून राहिला. तुला ताप आला, छातीत दुखायला लागलं, गडचिरोलीला नेलं. पुढचं मी लिहिणार नाही. तू गेलीस हे मला पप्पांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, कोणती रजनी.

तेरवीच्या सकाळी मांडवात माणसं बसली होती. मोठेबाबा, म्हणजे तुझे वडील, माझ्या पप्पांचे थोरले भाऊ, एका खांबाला टेकून खाली पाहत होते. कोणीतरी सिकलचं नाव काढलं. तेव्हा रामदासमामा म्हणाला, "सिकल तं लहानपनापासून होता. मंग आताच काऊन?"

मला उत्तर माहीत होतं. ऊन, अंगातलं पाणी, छातीतला संसर्ग. सगळं इंग्रजीत माहीत होतं. मांडवात कोणी काही बोललं नाही, आणि ती शांतता मला ओळखीची वाटली. मालिकेत खिडकीबाहेरचा रस्ता दाखवतात तेव्हा असाच आवाज असतो. म्हणजे नसतो.

आता ज्यांचं नाव बदललं त्यांच्याबद्दल. त्यांना मी पारबताबाई म्हणते. तुझ्या कुंपणाला लागून त्यांचं घर. मूलबाळ नाही, दोन शेळ्या, आणि न संपणारी गोधडी. त्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून रोज दुपारी सुई घेऊन तुझ्याकडे यायच्या. तू मशीन न थांबवता एका हाताने त्यांच्या सुईत धागा ओवून द्यायचीस. त्या तुला म्हणायच्या, "रजने, तू नसली तं माही गोधडी अर्धीच राहीन." आपल्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज दोन-तीनदा आलाय. एकदा तर त्यांनी पडद्यावर तोफवाली पाहून विचारलं होतं, "एवढुशी पोरगी, एवढं वझं काऊन उचलते?" आपण ते काढून टाकलं नाही.

तेरवीच्या दिवशी हीच गोष्ट बायका एकमेकींना सांगत होत्या, पण उलटी. रोज सुई घेऊन येत होती. कायले येत होती? मशीनपाशीच बसे. ड्रावरवर हात ठेवून बसे. ज्या दिवशी पोरीले ताप आला त्या दिवशीबी आली होती. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मी चिरलेली वांगी देऊन विहिरीकडे हात धुवायला गेले. कुंपणापलीकडे पारबताबाई गोधडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना जेवायला बोलावलेलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल राहून गेलं. मला पाहून त्यांनी कुंपणावरून सुई पुढे केली. "बाई, धागा टाकून दे नं. रजनी नाई तं कोनाले सांगू?"

मी सुई घेतली. माझ्या मागे भांडी घासायचा आवाज थांबला. मी मान वळवली नाही, पण माझ्या पाठीला कळत होतं की पडवीतून सगळ्या पाहतायत. धागा ओवताना दोनदा चुकला. पारबताबाई म्हणाल्या, तुह्याबी डोळ्याले दिसत नाई का. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना सांगायला हवं होतं की घरात जा, दार लावा, नाहीतर शेळ्या घेऊन कुठेतरी निघून जा. पण जायला जागा कुठे होती? आणि त्या गेल्या असत्या तर सगळे म्हणाले असते, पळाली.

असल्या गोष्टींचं पुढे काय होतं हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पेपरात आतल्या पानावर येतं. एखाद्या म्हातारीला चौकात बसवतात. आधी फक्त विचारतात.

तू असतीस तर पडवीतून ओरडली असतीस, अवं बाया हो, ते खेळणं हाय माह्यं. सगळ्या हसल्या असत्या. पण तू असतीस तर तो ड्रावर कोणी उघडलाच नसता. मी हे कोणाला सांगू याचा विचार करत फिरत होते. पप्पा आचाऱ्याकडे होते. त्यांना बाजूला बोलावून सांगितलं, तर ते म्हणाले, आज राहू दे, वहिनींची अवस्था पाहतेस ना, तू मध्ये पडू नको. त्यांच्या आवाजात भीती होती आणि ती पारबताबाईंसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. तेव्हा मला समजलं. ती मूर्ती माझी आहे असं मी म्हटलं, तर ती मूर्ती माझी होईल. म्हणजे घरात करणी आणणारी मी.

मोठीआईकडे मी पाहिलं. ती तुझी आई आहे आणि तिने तेरा दिवसांत धड खाल्लं नव्हतं, पण त्या दुपारी तिने दोन घास खाल्ले. कोणीतरी करून गेलं, हे ऐकून तिला बळ आलं होतं. ते मी काढून घेणार होते.

जेवणं झाल्यावर तो माणूस मोटरसायकलवरून आला. साधा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला वाटलं होतं कोणी भयंकर दिसणारा असेल. त्याने पाणी मागितलं, पंख्याखाली बसला. रामदासमामाने सुपात ती आणून ठेवली. तांदूळ, त्यावर लाल चोळीतली हवालदारीण, हात वर. तू शिवलेल्या चोळीत हात खरंच पूर्ण वर जातो.

त्याने तिला हात लावला नाही. नुसतं विचारलं, या घरात सुई घेऊन कोण येते?

कोणी नाव घेतलं नाही. सगळ्यांनी कुंपणाकडे पाहिलं. मामा गेला आणि पारबताबाईंना घेऊन आला. त्या लगबगीने आल्या, त्यांना वाटलं जेवायला बोलावलं. पदर नीट करत आल्या. आणि पदराला ती सुई टोचलेली होती, मी ओवून दिलेला लांब धागा लोंबत होता.

मांडवात कोणीतरी सुईकडे बोट करत "पाय, पाय" म्हटलं.

रजनीताई, त्या क्षणी मला मालिकेबद्दलची आपली भांडणं आठवली हे सांगायला मला लाज वाटते. पण खरं आहे. मला वाटलं, मीच बरोबर होते. जो यायचा होता तो आला. तो बाहेरून रस्त्याने आला नाही एवढंच. तो आधीपासून दुकानात बसलेला होता, जेवत होता, पुऱ्या लाटत होता. आणि मग वाटलं, तूही बरोबर होतीस. काठी गोठी करायला असते. माझ्या हातात काठी होती, खरं काय ते मलाच माहीत होतं, आणि मी गोठच करत नव्हते.

तुला आठवतं, मी लहान असताना तुझ्या बोलण्याला हसले होते? तू म्हणायचीस "मी जातो", "मी सांगतो". तुमच्याकडे बायाही असंच बोलतात. माझ्या शाळेत मराठी आठवड्यातून थोडीशी, पण बाईंनी पक्कं शिकवलं होतं की मुलगी असेल तर सांगते. मी तुझी चूक काढली. तू रागावली नाहीस. म्हणालीस, "सांगते म्हटलं का आवाज बारीक होते. सांगतो म्हण, मंग पाय." मी कधी म्हटलं नाही. माझ्या तोंडी ते शोभणार नाही असं वाटायचं.

मी बोलल्यावर पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. मी सुपातून हवालदारीण उचलली, पाठीवरचं बटण दाबून दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला. फोनमध्ये तुझा फोटो दाखवला, जिथे तू तिला चोळी घालते आहेस. कोणी हसलं नाही. त्या माणसाने माझ्याकडे पाहत मामाला विचारलं, ही शहरातून आली का घरात? आणि उत्तराची वाट न पाहता उठला, म्हणाला, पाहू, पुन्हा कधी. मोठेबाबांनी खांबापाशी बसल्या बसल्या पारबताबाईंना म्हटलं, बाई, जेवून जा. त्या जेवल्या. त्यांच्या पंगतीला मी बसले, दुसरं कोणी नाही.

मोठीआई त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. फोन मोठेबाबा उचलतात. काल ते म्हणाले, पारबताबाईच्या शेळ्या सकाळी बाहेर सुटलेल्या सापडल्या, कोणी दार उघडलं माहीत नाही. म्हणाले, तू सध्या येऊ नको. म्हणून मी येत्या रविवारी येते आहे. त्यांच्या सुईत धागा ओवायला कोणीतरी लागेल, आणि ते चारचौघांत, दिवसाढवळ्या, तुझ्या मशीनवर बसून ओवायचं आहे.

हवालदारीण माझ्याकडे आहे. खिडकीत उभी आहे. तुझ्या तांदळाने दिवा दुरुस्त झाला, हे तुला सांगायचं राहिलं होतं. शेवटचा भाग मी पाहिलेला नाही. तू म्हणाली होतीस, तू आली का संगच पाहू. त्यामुळे तो येतो की नाही, हे आपल्यात अजून ठरायचं आहे.

पण तू एवढ्यावर ऐकणार नाहीस. तू विचारशील, ते सारं जाऊ दे, तू बोलली काय? उभी राहून बोलली का बसून? उभी राहून, ताई. सगळा मांडव पाहत होता. मामाचा हात पारबताबाईंच्या दंडावर होता. माझ्या तोंडून जे आलं ते माझं वाटलं नाही, पण आवाज बारीक नव्हता.

"मामा, हात सोडा त्यायचा. ती बाहुली माही हाय. कशी आली, कोनं शिवली, सारं मी सांगतो."